घरून काम: कंपनीने काय मागावं आणि कर्मचाऱ्याला काय मिळायला हवं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पुण्या-मुंबईतल्या कंपनीत नाव आणि लॅपटॉप मात्र चिपळूण, लातूर किंवा साताऱ्याच्या घरी, अशी नोकरी करणारे आता घरोघरी आहेत. त्यांचे प्रश्न आणि त्यांना कामावर ठेवणाऱ्या छोट्या-मोठ्या मालकांचे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. काम घरी आलं म्हणून मालक आणि कर्मचारी यांचं नातं बदलत नाही, ही या सगळ्या उत्तरांमागची भूमिका आहे. कायद्याची माहिती महाराष्ट्रापुरती आणि सर्वसाधारण आहे. प्रत्यक्ष वाद उभा राहिला तर कागदपत्रं घेऊन कामगार कायद्याच्या वकिलाकडे जाच.

मी ऑफिसला जातच नाही. मग कामगार कायदे मला लागू होतात का?

होतात. काम कुठे बसून केलं यापेक्षा ते कोणासाठी, कोणाच्या सांगण्यावरून आणि कोणाच्या नियंत्रणाखाली केलं, हे न्यायालयं पाहत आली आहेत.

हा प्रश्न कोविडने आणला असं वाटतं, पण तो त्याच्या कितीतरी आधीचा आहे. सोलापुरात हजारो बायका पिढ्यान्‌पिढ्या घरी बसून विड्या वळत आल्या आहेत. पान-तंबाखू कारखान्याकडून घ्यायची, घरी विड्या वळायच्या, मोजून परत द्यायच्या. ‘या आमच्या कामगारच नाहीत’ असं म्हणणं मालकांना सोयीचं होतं. १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्यांनाही कामगारांच्या व्याख्येत घेतलं, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने या घरखेपी कामगारांचा भविष्य निर्वाह निधीचा हक्कही मान्य केला.

दुसरा खटला शिंप्यांचा. ‘सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउस’ प्रकरणात १९७३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असे शिंपी होते ज्यांना नगावर पैसे मिळत आणि ज्यांच्यातले काही जण कापड घरीही नेत. न्यायालयाने त्यांना कर्मचारीच मानलं. शिवण पसंत पडली नाही तर ती नाकारून पुन्हा शिवायला लावण्याचा अधिकार मालकाकडे होता, ही गोष्ट तिथे महत्त्वाची ठरली. तुमचा टीम लीड तुमचं काम परत पाठवून ‘पुन्हा करा’ म्हणतो, तेव्हा तोच अधिकार वापरतो.

एक मर्यादा लक्षात ठेवा. तास, ओव्हरटाइम यांसारखे नियम मुख्यतः ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यांसाठी आहेत. व्यवस्थापकीय कामं करणारे त्यातून वगळले जातात. पण नुसतं पद ‘मॅनेजर’ असून भागत नाही. हाताखाली कोणी नाही, रजा मंजूर करण्याचा अधिकार नाही आणि दिवसभर एक्सेल भरायचं, अशा माणसाचं न्यायालय प्रत्यक्ष काम बघतं, व्हिजिटिंग कार्ड नाही.

कंपनीने मला ‘कन्सल्टंट’ म्हणून घेतलं आहे. तरी रोज नऊ वाजता लॉगिन करावं लागतं. हे बरोबर आहे का?

बहुतेक वेळा नाही, आणि घरून काम करणाऱ्यांच्या बाबतीत सर्वांत जास्त अन्याय इथेच होतो असं आमचं मत आहे.

खरा कन्सल्टंट स्वतःची वेळ स्वतः ठरवतो, एकाच वेळी चार ग्राहकांचं काम करू शकतो, स्वतःची साधनं वापरतो आणि काम संपल्यावर बिल पाठवतो. तुम्हाला मात्र ठरलेल्या वेळेला हजर राहावं लागतं, रजा मागावी लागते, दुसरीकडे काम करायला बंदी आहे, लॅपटॉप कंपनीचा आहे आणि दरमहा तीच रक्कम येते. हे नोकरीचं वर्णन आहे. फरक इतकाच की पगारावरच्या टीडीएसऐवजी ‘व्यावसायिक फी’ म्हणून १० टक्के कापले जातात आणि पीएफ, ग्रॅच्युइटी, पगारी रजा, प्रसूती रजा यांतलं काहीच मिळत नाही.

करारावर वरती काय लिहिलंय त्यावर न्यायालय थांबत नाही, प्रत्यक्ष व्यवहार बघतं. म्हणून आजपासूनच पुरावा ठेवा: हजेरीचे मेसेज, रजेचे अर्ज, ‘आज उशीर का?’ असे मेल, कंपनीच्या ईमेल पत्त्याचा वापर.

कोणी स्वखुशीने कन्सल्टंट झाला असेल, दर भरपूर घेत असेल आणि वेळेचं स्वातंत्र्य खरोखर असेल, तर तक्रारीला जागा नाही.

नियुक्तीपत्रात घरून कामाबद्दल काय लिहिलेलं असावं?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चारही कामगार संहिता (वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि व्यावसायिक सुरक्षा) लागू झाल्या. व्यावसायिक सुरक्षा संहितेत प्रत्येक कर्मचाऱ्याला नियुक्तीपत्र देण्याची सक्ती आहे. ‘व्हॉट्सअ‍ॅपवर सांगितलं होतं ना’ हे आता चालणार नाही.

पत्रात पगार आणि पद असतंच. घरून काम असेल तर आणखी काही गोष्टी मागून घ्या. कामाचं ठिकाण म्हणून तुमच्या घराचा पत्ता लिहिला आहे की कंपनीचं कार्यालय? घरून काम कायमचं आहे की ‘कंपनीच्या मर्जीनुसार’? परत बोलावायचं झालं तर किती दिवसांची पूर्वसूचना? साधनं कोण देणार, नेट आणि विजेचा खर्च कोण करणार? मीटिंगसाठी पुण्याला यावं लागलं तर एसटीचं किंवा रेल्वेचं भाडं आणि राहण्याची सोय कोणाची?

यातलं ‘मर्जीनुसार’ हे वाक्य बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. गावाकडे घर बांधायला घेतलं, मुलांना तिथल्या शाळेत घातलं, आणि मग ‘पुढच्या सोमवारपासून हिंजवडी’ असा मेल येतो. तेव्हा याच वाक्याकडे बोट दाखवलं जातं.

दिवसाला किती तास काम करून घेता येतं?

महाराष्ट्रात यासाठी २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. मूळ कायद्यात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती, आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी लागे. २०२५ मध्ये राज्य सरकारने त्यात बदल केले. आता हा कायदा २० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होतो, रोजची मर्यादा १० तास झाली, विश्रांतीआधीचे सलग तास ६ झाले आणि तीन महिन्यांतल्या जादा कामाची मर्यादा १२५ वरून १४४ तासांवर गेली. आठवड्याचे ४८ तास मात्र तेच राहिले. म्हणजे रोज दहा तास आणि आठवड्याला सहा दिवस, असा हिशोब कोणी लावत असेल तर ४८ च्या पुढचे सगळे तास जादा कामात धरायला हवेत.

जादा कामाचा मोबदला दुप्पट दराने द्यायचा असतो. घरून काम करणाऱ्यांना तो जवळजवळ कधीच मिळत नाही, कारण जादा कामाची नोंदच होत नाही. संध्याकाळी साडेसहाला लॉगआऊट आणि रात्री साडेनऊला ‘जरा ते प्रेझेंटेशन बघून घेता का?’ हा तास कुठल्याच हजेरीपटात येत नाही. तो यावा म्हणून अशा कामानंतर एक ओळीचा मेल टाकायची सवय लावा: ‘आज रात्री ९.३० ते ११ काम करून फाइल पाठवली आहे.’ यात भांडण नाही, फक्त नोंद आहे.

ऑफिसची वेळ संपल्यावर फोन उचलायलाच हवा का?

‘कामापासून अलग होण्याचा हक्क’ देणारा वेगळा कायदा भारतात नाही. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी या विषयावर २०१८ च्या अखेरीस लोकसभेत खासगी विधेयक मांडलं आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. खासगी विधेयकांचं कायद्यात रूपांतर होणं आपल्याकडे फार दुर्मिळ आहे. फ्रान्समध्ये हा हक्क २०१७ पासून आहे आणि ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून. पोर्तुगालने तर कामाच्या वेळेबाहेर कर्मचाऱ्याशी संपर्क न साधणं हे मालकाचं कर्तव्यच ठरवलं आहे.

आपल्याकडे आधार आहे तो वरच्या तासांच्या मर्यादेचा. फोन उचलून काम केलं तर तो कामाचा वेळ आहे. सर्व्हर बंद पडला, ग्राहकाचं पैशांचं काम अडलं, अशा वेळी फोन यावाच. त्यासाठी टीममध्ये पाळी लावावी आणि त्या पाळीचा भत्ता द्यावा. ‘सगळे सदैव हजर’ ही व्यवस्था नाही, व्यवस्थेचा अभाव आहे. रोज रात्री फोन येत असतील तर दोष माणसांच्या संख्येत किंवा नियोजनात आहे, आणि तो सुधारणं मालकाचं काम आहे.

दिवसभर कॅमेरा चालू ठेवायला सांगतात, दर दहा मिनिटांनी स्क्रीनशॉट घेतात. हे चालतं का?

दोन गोष्टी वेगळ्या करू. कंपनीच्या लॅपटॉपवर कंपनीचं काम चाललंय, तिथे ग्राहकांची माहिती आहे, ती बाहेर जाऊ नये म्हणून काही देखरेख असणं रास्त आहे. कोणती फाइल कोणी उघडली, पेनड्राइव्ह लावला का, कंपनीच्या नेटवर्कवर कुठून शिरलं, याची नोंद ठेवायला कोणाची हरकत नसावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही नोकरीच्या कारणासाठी, मालकाचं नुकसान किंवा गोपनीय माहितीची गळती टाळण्यासाठी, संमतीशिवाय माहिती वापरायची मुभा ठेवली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

पण कॅमेरा माणसाचं घर बघतो. मागे आजारी सासूबाई झोपलेल्या असतात, मुलगी शाळेचे कपडे बदलत असते, दोन खोल्यांच्या घरात स्वयंपाकाचा ओटा आणि कामाचं टेबल एकाच चौकटीत येतं. या कुणीही कंपनीशी करार केलेला नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने सांगितलं. खासगी कंपनीविरुद्ध तो थेट किती वापरता येतो हा वकिलांचा विषय झाला, तरी घराच्या आत सतत बघत बसणं गैर आहे हे सांगायला खटल्याची वाट बघायला नको.

मीटिंगमध्ये कॅमेरा लावायला सांगणं ठीक. आठ तास लावायला सांगणं ठीक नाही. स्क्रीनशॉट घेणार असाल तर आधी लेखी सांगा, ते कोण बघणार आणि किती दिवस ठेवणार हेही सांगा, आणि कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या मोबाइलवर असलं सॉफ्टवेअर टाकायला लावू नका.

माउस हलतोय का हे मोजणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: त्यातून काम कळत नाही. कोड लिहिणारी मुलगी वीस मिनिटं वहीवर आकृती काढत असेल तर ती यंत्राच्या लेखी ‘निष्क्रिय’ असते. आणि ज्याला फसवायचंय तो माउस हलवत बसतोच.

मग मालकाने घरून काम करणाऱ्याकडून अपेक्षा तरी काय ठेवायची?

बऱ्याच ठेवता येतात, आणि ठेवायलाही हव्यात. घरून काम म्हणजे सवलत नव्हे.

या आठवड्यात काय पूर्ण व्हायला हवं, ते ठरवून मागता येतं. सगळ्यांनी एकत्र उपलब्ध असण्याचे काही तास ठरवता येतात, उदाहरणार्थ सकाळी ११ ते दुपारी ४. बाकीचे तास ज्याने त्याने सोयीने वाटून घ्यावेत. मेसेजला साधारण किती वेळात उत्तर हवं हेही ठरवता येतं, आणि दोन तास हे वाजवी आहे. दोन मिनिटं नाही.

माहितीच्या सुरक्षेबाबत मालकाने कडकच असावं. ग्राहकाच्या बँक खात्यांची यादी स्क्रीनवर असताना कॅफेत बसून काम करू नये, घरच्या इतरांना लॉगिन देऊ नये, कंपनीचा लॅपटॉप मुलांच्या गेमसाठी देऊ नये. कुठून काम करतोय हे खरं सांगावं. पुण्यात आहोत असं सांगून दुबईतून काम केल्याने कंपनीवर कराचे आणि कायद्याचे प्रश्न येऊ शकतात, हे कर्मचाऱ्यांनी समजून घ्यायला हवं. अडचण आली तर ती वेळेत कळवावी. मुदतीच्या दिवशी संध्याकाळी ‘नेट नव्हतं’ म्हणणं योग्य नाही. सकाळीच सांगितलं असतं तर दुसऱ्या कोणी सांभाळलं असतं.

मालकाने जे मागू नये, ते म्हणजे कृतज्ञता. ‘घरी बसून पगार मिळतोय, अजून काय हवं?’ हे वाक्य अनेकांनी ऐकलं असेल. पगार कामाचा मिळतो.

वीज, इंटरनेट, खुर्ची: खर्च कोणाचा?

सरसकट भरपाईची सक्ती करणारा कायदा इथे नाही. जे ठरलं असेल तेच मिळतं, म्हणून ते ठरवून घ्यावं. ऑफिसची जागा, वीज, चहा, बस यांवर कंपनीचा खर्च वाचतो. त्यातला काही भाग कर्मचाऱ्याच्या घरच्या बिलात जातो. तो परत करणं न्यायाचं आहे.

खुर्चीचा विषय किरकोळ समजू नका. जमिनीवर बसून किंवा जेवणाच्या टेबलाशी वर्षानुवर्षं काम केल्याने मान आणि कंबर धरते, आणि उपचारांचा खर्च घरच्यांच्या डोक्यावर येतो. रुजू होताना एकदाच टेबल-खुर्चीची रक्कम द्यावी, हे सगळ्यांत सोपं.

पावसाळ्यात लाईट जाते, रेंज जाते. तो दिवस बिनपगारी धरला तर?

कोकणात जून-जुलैत झाड पडून तारा तुटतात आणि महावितरणची माणसं येईपर्यंत दिवस जातो. यात कर्मचाऱ्याची चूक नाही. पण कंपनीनेही तो प्रत्येक वेळी सोसावा असं नाही. आधी ठरवावं: इन्व्हर्टर कोण बसवणार, दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं ठेवायची का, जवळच्या शहरात बसून काम करता येईल अशी जागा आहे का, तास नंतर भरून काढता येतील का. एवढं करूनही दिवस गेला तर पगार कापू नये. ऑफिसात लाईट गेली असती तर कोणाचाच पगार कापला नसता.

लॅपटॉप बिघडला. दुरुस्तीचे पैसे पगारातून कापले. मी काय करू?

वेतन संहितेत पगारातून कोणत्या कपाती करता येतात याची यादी आहे. ताब्यात दिलेल्या वस्तूचं नुकसान त्यात येतं, पण ते थेट तुमच्या निष्काळजीपणाने झालेलं असावं लागतं आणि आधी तुम्हाला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. एकूण कपात पगाराच्या ५० टक्क्यांच्या वर जाता कामा नये. चार वर्षं जुन्या मशीनची बॅटरी फुगली, याला निष्काळजीपणा म्हणत नाहीत. लॅपटॉप घेताना त्याचे फोटो काढा, परत देताना पोच घ्या.

मी गावी राहायला गेलो म्हणून पगार कमी करायचा म्हणतात.

‘गावात खर्च कमी’ हा युक्तिवाद आम्हाला पटत नाही. कामाची किंमत ग्राहक देतो, आणि ते काम नाशिकमधून झालं की नांदेडमधून हे तो बघत नाही. नव्या माणसाला कंपनी वेगळा पगार देऊ करू शकते, तो त्याने घ्यावा की नाही हा त्याचा प्रश्न. पण चालू नोकरीत पगार एकतर्फी कमी करता येत नाही. कामगारांच्या सेवाशर्तींत असा बदल करायचा तर औद्योगिक संबंध संहितेनुसार २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते. ‘संमती आहे’ असा फॉर्म आला तर लगेच टिक करू नका. आणि बाई आहे म्हणून त्याच कामाला कमी पगार, हे वेतन संहितेत सरळ निषिद्ध आहे.

दोन वर्षांनी अचानक ऑफिसला बोलावलं आहे. नाही म्हणता येईल?

घरून कामाचा सर्वसाधारण हक्क कायद्यात नाही. नियुक्तीपत्रात घरचा पत्ता कामाचं ठिकाण म्हणून असेल तर तुमची बाजू भक्कम, नसेल तर कमकुवत. नकार कळवून घरी बसण्यापेक्षा लेखी मुदत मागणं शहाणपणाचं: शाळेचं वर्ष संपेपर्यंत, भाड्याचं घर मिळेपर्यंत.

दोन परिस्थितींत कायदा काही आधार देतो. अपंगत्व असलेल्या व्यक्तीला २०१६ च्या कायद्यानुसार ‘वाजवी सोय’ मागता येते, आणि घरून काम ही अशी सोय असू शकते. बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा संपल्यावर, काम घरून होण्यासारखं असेल तर, परस्पर संमतीने घरून काम करता येईल अशी तरतूद २०१७ च्या दुरुस्तीने आली आणि ती सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. ‘परस्पर संमती’ म्हणजे कंपनी नाहीही म्हणू शकते. म्हणून विनंती रजा संपायच्या आधीच आणि लेखी करावी.

घरी लहान मूल आहे. मीटिंगमध्ये आवाज येतो म्हणून बोलणी खावी लागतात.

बाळ रडतं. त्याने काम बिघडत नाही, बिघडतं ते वरिष्ठाच्या चेहऱ्यावरच्या आठीने. मात्र एक गोष्ट बायकांच्या घरच्यांनाही सांगायला हवी. सून घरी आहे म्हणजे मोकळी आहे असं समजून दर अर्ध्या तासाने हाक मारली जाते, पाहुण्यांचा चहा तिच्याकडेच येतो आणि कामाचा दिवस रात्री बारापर्यंत लांबतो. त्यावर कंपनीकडे उपाय नाही. तो घरातच काढावा लागतो, आणि नवऱ्याने पुढाकार घेतला तर लवकर निघतो.

ऑनलाइन लैंगिक छळाची तक्रार करता येते का?

येते. २०१३ च्या कायद्यात ‘कामाचं ठिकाण’ या व्याख्येत राहतं घरही आहे. रात्री अकराला ‘कॅमेरा लाव ना’ म्हणणं, कपड्यांवर शेरे मारणं, खासगी चॅटवर नको ते फोटो पाठवणं, हे सगळं त्यात येऊ शकतं. छळ करणारा दुसऱ्या शहरात बसला असला तरी फरक पडत नाही.

१० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कंपनीत अंतर्गत समिती असायलाच हवी. घरून काम करणाऱ्या मुलींना तिच्या सदस्यांची नावंही माहीत नसतात, कारण ती ऑफिसच्या फलकावर लावलेली असतात. एचआरकडे ती ईमेलने मागा. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. १० पेक्षा कमी कर्मचारी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. मेसेज खोडू नका. तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घरच्या मेलवर पाठवून ठेवा.

अमेरिकेच्या वेळेनुसार रात्रपाळी आहे. बाईला ती सक्तीने लावता येते का?

नाही. रात्री साडेनऊनंतर स्त्री कर्मचाऱ्याकडून काम घ्यायला तिची संमती लागते. घरून काम आहे, प्रवासाचा धोका नाही, म्हणून संमती गृहीत धरता येत नाही.

समोर दिसत नाही म्हणून बढती मिळत नाही असं वाटतं.

हे पुष्कळ ठिकाणी खरं आहे. ऑफिसात चहाच्या टपरीवर नवं प्रोजेक्ट ठरतं आणि घरून काम करणाऱ्याला ते मेलने कळतं. मालकाने दोन गोष्टी केल्या तरी बराच फरक पडेल. एक, निर्णय लेखी कळवायचे. दोन, अप्रेझलच्या आधी घरून आणि ऑफिसातून काम करणाऱ्यांची गुणांची यादी शेजारी-शेजारी ठेवून बघायची. कर्मचाऱ्याने दर महिन्याला केलेल्या कामाची छोटी टिपणी वरिष्ठाला पाठवावी. ही बढाई नव्हे. वर्षभराने कोणालाच काही आठवत नसतं.

उरलेल्या वेळेत दुसरं काम केलं तर?

करारात बंदी असेल तर ती नोकरी चालू असेपर्यंत पाळावी लागते. २०२२ मध्ये विप्रोने प्रतिस्पर्धी कंपन्यांचंही काम करणाऱ्या ३०० जणांना काढल्याचं जाहीर केलं, ते आठवत असेल. सुट्टीच्या दिवशी शिकवणी घेणं, घरची शेती बघणं, दिवाळीचा फराळ विकणं यांवरही काही करार बंदी घालतात. ते अति आहे, आणि अशा गोष्टींना एचआर विचारल्यावर सहसा परवानगी देतं. नोकरी सोडल्यावर मात्र ‘दोन वर्षं आमच्या क्षेत्रात काम करायचं नाही’ हे कलम करार कायद्याच्या कलम २७ नुसार सहसा टिकत नाही. प्रशिक्षणाच्या खर्चाचा बॉण्ड ही वेगळी गोष्ट आहे, वाजवी असेल तर तो टिकू शकतो.

मी थेट परदेशी कंपनीसाठी काम करतो. त्यांनी पैसे बुडवले तर?

त्या कंपनीचं भारतात कार्यालय नसेल तर इथल्या कामगार कार्यालयाचा हात तिथे पोचणं फार अवघड. करारात कुठल्या देशाचा कायदा लिहिलाय ते आधी बघा. एकदम तीन महिन्यांचं काम उधारीवर करू नका, पंधरवड्याचं बिल लावा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली तर जीएसटी नोंदणी लागते. सेवा निर्यातीवर कर शून्य असला तरी कागदपत्रं करावीच लागतात. भारतात नोंदणी असलेल्या मध्यस्थ कंपनीमार्फत पगार मिळत असेल तर पीएफसह इथले हक्क त्या कंपनीकडून मागता येतात.

राजीनामा दिल्यावर शेवटचा पगार अडकवला आहे.

वेतन संहितेनुसार नोकरी संपल्यापासून दोन कामाच्या दिवसांत देय वेतन चुकतं करायचं असतं. ‘फुल अँड फायनल ४५ दिवसांनी’ ही जुनी सवय आहे, आता नियम तसा नाही. लॅपटॉप कुरियरने परत पाठवायचा असेल तर त्याचा खर्च कंपनीने करावा आणि पोच द्यावी. मूळ प्रमाणपत्रं कंपनीकडे ठेवूच नका, झेरॉक्स पुरते.

‘घरबसल्या डेटा एंट्री, आठवड्याला १० हजार’ अशी जाहिरात आली आहे. घ्यावी का?

नको. हा सापळा महाराष्ट्रात किती घरांत शिरला आहे याची मोजदाद नाही. आधी फॉर्म भरायचं काम देतात, ऑनलाइन करारावर सही घेतात, मग ‘अचूकता ९० टक्क्यांपेक्षा कमी’ म्हणून पैसे नाकारतात. पुढे वकिलाच्या नावाने नोटीस येते: करार मोडला, दंड भरा, नाहीतर कोर्टात या. घाबरून कित्येक गृहिणी आणि विद्यार्थी पैसे भरतात. भरू नका. एकदा भरले की दुसरी नोटीस येते. पैसे गेलेच असतील तर तातडीने सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइन क्रमांकावर कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. काम देण्याआधी नोंदणी शुल्क किंवा अनामत मागणारा खरा मालक नसतो.

खऱ्या कंपनीविरुद्ध तक्रार कुठे करायची?

आधी कंपनीतच, लेखी. २० किंवा अधिक कामगार असतील तर तक्रार निवारण समिती असायला हवी. तिथे दाद लागली नाही तर जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज द्या. पीएफ भरला जात नसेल तर ईपीएफओच्या पोर्टलवर तक्रार होते. पुण्यात आयटी कर्मचाऱ्यांची ‘नाइट्स’ ही संघटना अशी प्रकरणं कामगार खात्याकडे नेत असते. एकट्याने जाण्यापेक्षा चौघांनी मिळून गेलेलं बरं, आणि घरून काम करणाऱ्यांची अडचण हीच की चौघं एकमेकांना भेटलेलीच नसतात. कंपनीच्या चॅटवर नव्हे, स्वतःच्या फोनवर सहकाऱ्यांशी ओळख ठेवा.

माझी सहा जणांची छोटी संस्था आहे. मोठ्या कंपन्यांसारखं धोरण मला परवडत नाही. कुठून सुरुवात करू?

एका पानापासून. कामाचे तास, एकत्र हजर असायची वेळ, रजा, खर्चाचा भत्ता, माहितीची सुरक्षा, अडचण आली तर फोन कोणाला, आणि ऑफिसला बोलावायचं झालं तर किती दिवसांची सूचना. ते पान लिहून झालं की सहाही जणांना वाचायला द्या आणि त्यांनी सुचवलेले बदल त्यात घ्या. पगार महिन्याच्या सात तारखेच्या आत द्या. तीन महिन्यांतून एकदा सगळ्यांना एकत्र बोलवा, भाडं तुम्ही द्या, आणि त्या दिवशी फक्त काम काढू नका, जेवायलाही घाला.